ऐकलेलं

लाल कार्ड म्हणजे काय आमच्याकडे,
शाळेच्या जुन्या फायलीचा पुठ्ठा,
मीच कापलेला,
कोपऱ्याला पंचिंगचं अर्धं भोक अजून आहे.
इंदल उईकेला दाखवलं तेव्हा त्या भोकातून
क्षणभर ऊन पडलं त्याच्या कपाळावर.

खैरटोल्याची धान कापून झालेली बांधी,
धुरे पाडून केलेलं मैदान,
तळव्यांना धसकटं, गोलपोस्टला ओला बांबू,
आणि बक्षिसाचा बकरा
चुन्याची रेषा चाटत बांधलेला.
एकाहत्तरावं मिनिट. कॉर्नर.
मी इंदलच्या पाठीमागे, सहा पावलांवर.
ठक् असा आवाज आला.
होमराज खाली, नाकातून रक्त,
इंदलचं कोपर अजून हवेत.
एवढं पुरे असतं का?
तेव्हा मला पुरे वाटलं.

रात्री लोकचंद आला, लग्नाचे व्हिडिओ काढणारा.
जर्किनच्या आत लॅपटॉप,
थंडीत पिल्लू आणावं तसा.
ट्रॉलीवर उभं राहून अख्खा सामना काढला होता त्याने,
मधून मधून बकऱ्याचे क्लोजअप.
"गुस्सा नका करू जी सर. सतराच सेकंद पाहा."

पाहिले.
कोपर नाकापासून वीतभर लांब.
नाकावर आदळलं ते त्यांच्याच गोलकीपरचं डोकं.
ठक् तिथलं होतं.

मग लोकचंदला चेव आला.
विसाव्या मिनिटाची एक अडवणूक काढली त्याने,
पायात पाय, जिच्यावर मी शिट्टीही वाजवली नव्हती,
आणि ती हळू केली.
इंदलचा पाय वर जातोय, जातोय,
डोळे रोखलेले,
जणू महिनाभर ठरवून आलाय पोरगा.
बंद कर, म्हटलं.
एवढं हळू केलं तर बोरिंगवर हंडा उचलणारी बाईसुद्धा
कुणाच्या तरी जिवावर उठलेली दिसेल.

झोप आली नाही.
उठून वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
जे मी पाहिलं आणि तोललं,
ते मासाभर इकडे तिकडे झालं असेल तर राहू द्या,
मैदानात कोणीतरी तोलायचंच असतं.
पण जे पाहिलंच नाही,
आवाजाला कोपर जोडून नुसतं बनवलं,
ते मोडायला लग्नाचा कॅमेराही चालेल.
मात्र चालत्या वेगात. अन् एकदाच.

सकाळी मंडळाच्या बिसेनभाऊंना चिठ्ठी दिली,
कार्ड मागे घेतो, रविवारी पोराला खेळू द्या.
चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले,
"उद्यापासून जो तो मोबाईल घेऊन तुमच्या दारात येईन, मास्तर."
येऊ द्या.
मी एकच विचारीन,
मला काय दिसलं नव्हतं ते दाखव.
दिसलेलं माझ्याजवळ आहे.

हे वाक्य मनात घोळवत,
थोडा फुगूनच म्हणा ना,
मी घरी येत होतो तर बोरिंगजवळ इंदल उभा.
बूट लेसने गळ्यात अडकवलेले, पाय अनवाणी.
म्हटलं, चुकलं माझं.
तो जमिनीकडे पाहत राहिला.
"लागला नाही जी सर, हे खरं.
पण मारालेच उचलला होता.
मायवरून बोलला तो."

नियम मला पाठ आहे.
मारायला उचललेला हात
लागो न लागो, शिक्षा तीच.
लोकचंदच्या सतरा सेकंदांत
मायवरून कोणी काही बोललेलं नव्हतं,
वाऱ्याचा घरघराट होता फक्त,
आणि बकरा.

"कोणाले सांगितलं हे?"
"तुमालेच."

चिठ्ठी बिसेनभाऊंच्या खिशात,
पुठ्ठा माझ्या.
रविवारला तीन दिवस.
कोणीतरी अर्धवट सोडलेल्या बोरिंगचं पाणी
थेंब थेंब पडत होतं दगडावर,
आणि मी उभा होतो
पुन्हा एकदा
नुसतं ऐकून.